वडिलांना प्रोस्टेटचं ऑपरेशन सांगितलंय, त्याच्याऐवजी वाफेचा उपचार केला तर चालेल का?

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. वडील 68 चे, शुगर आहे, प्रोस्टेट 52 ग्रॅम, दोन वर्षं झाली गोळ्या चालू, तरी रात्री चार-पाचदा उठायलेत, जालन्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं आणि तुम्ही युट्युबवर वाफेचा उपचार बघितला, पंधरा मिनिटांत काम आणि त्याच दिवशी घरी. मी काय डॉक्टर नाही, एसटीत कंडक्टर होतो, परभणी-पुणे गाडीवर लई वर्षं काढली, आता घरी बसून आहे. पण ह्या दुखण्यातून मी स्वतः गेलोय आणि माझ्या साडूचं वाफेवरच झालंय, म्हणून लिहायलो.

पहिलं म्हणजे व्हिडिओतल्या त्या "बिनटाक्याचं" नावाला भुलू नका. आमच्या आजोबाच्या काळात पोट फाडून वाढलेल्या प्रोस्टेटची गाठ काढायचे, त्याची भीती अजून घराघरात बसलीय. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं टीयूआरपी असेल तर त्यातसुद्धा बाहेरून एक टाका नसतो, कमरेत इंजेक्शन देऊन लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालतात आणि आतून गाठ खरवडून काढतात. मग फरक कशात, तर गाठ त्याच दिवशी बाहेर निघते का नाही ह्यात.

वाफेच्या उपचाराला रेझूम म्हणतात, अमेरिकेत 2015 ला मंजूर झालाय. लघवीच्या वाटेनंच जातात, बारीक सुई गाठीत टोचून नऊ सेकंद वाफ सोडतात, गाठ मोठी असली की जास्त ठिकाणी टोचतात. तेवढा भाग आतल्या आत मरतो आणि शरीर हळूहळू तो जिरवून टाकतं. हळूहळू हा शब्द नीट वाचा, कारण व्हिडिओत तोच नसतो. आमचा साडू त्याच दिवशी घरी आला हे खरं, पण नळी आणि पिशवी लावून आला, पाच दिवस ती मांडीला बांधून लुंगीखाली लपवत फिरला, नळी काढल्यावर तीन आठवडे जळजळ, घाई, मला रोज फोन करून शिव्या द्यायचा की तूच डोक्यात भरवलं म्हणून. महिनाभरानं धार सुधरली, तीन महिन्यांनी गडी खूष. त्याची गाठ पंचेचाळीसच्या आसपास होती. ह्या उपचाराचा जो मोठा अभ्यास झाला तो 30 ते 80 च्या गाठींवर झालाय, त्या हिशेबानं तुमचे 52 वाले वडील त्यात बसतात.

मी बसलो नाही. त्याला कारण माझंच. गाडीवर असताना पाथरी, माजलगावपासून नगरपर्यंत कुठल्या स्टँडवरची मुतारी कुठल्या कोपऱ्यात हे डोळे झाकून सांगायचो, त्यावरून तरी कळायला पाहिजे होतं, पण मी काय केलं तर पाणी पिणंच कमी केलं, आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात! मुतखडा झाला तो वेगळा. मग भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून सर्दीची गोळी आणून खाल्ली आणि पहाटे लघवीच बंद, थेंब येईना, ओटीपोट दगडासारखं. डॉक्टर म्हणले नाक मोकळं करणारं औषध लघवीच्या वाटेचा स्नायू आवळतं, प्रोस्टेटवाल्यानं विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. वडिलांना हे आजच सांगा. तर नळी घातली, मांडवात मी पिशवी घेऊन बसलो, आणि मग सोनोग्राफीत निघालं 96 ग्रॅम, त्यात मधला भाग मूत्राशयात घुसलेला. संभाजीनगरला जाऊन लेझरचं केलं, होलेप म्हणतात त्याला. तुम्ही जालन्याचे, मोसंबी तुम्हाला शिकवायला नको, सालीच्या आत बोट घालून फोडी कशा अख्ख्या मोकळ्या करतो तसं लेझरनं गाठ वेष्टणापासून सोडवतात, मूत्राशयात ढकलतात आणि तिथं बारीक करून ओढून घेतात. गाठ कितीही मोठी असली तरी जमतं. दोन दिवसांत नळी निघाली, पण नंतर दीड महिना शिंकलं की गळायचं, बायको म्हणायची ठिबक सिंचन बसवून आलात. आता धार आहे चांगली.

आणखी दोन प्रकार तुम्हाला कुणीतरी सांगेल. एक युरोलिफ्ट, त्यात गाठ कापत-जाळत नाहीत, बारीक क्लिपांनी पडदे बाजूला सारल्यासारखी बांधून ठेवतात, पण गाठ तिथंच राहते, अभ्यासात पाच वर्षांत शंभरातल्या तेरा-चौदा जणांना परत काहीतरी करावं लागलं. दुसरं म्हणजे मांडीतल्या नाहीतर मनगटातल्या धमनीतून नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा तोडतात, ते युरोलॉजिस्ट नाही तर रेडिओलॉजीवाले करतात, जास्त करून मोठ्या गाठीला आणि ज्यांना भूल झेपत नाही त्यांना.

आता तुमच्या वडिलांचं. मला गाठीपेक्षा शुगरचीच काळजी वाटायली. किती वर्षांची शुगर आहे ते तुम्ही लिहिलं नाही. जुन्या शुगरनं मूत्राशयाच्या नसा मरगळतात, मग वाट मोकळी करूनही आतून जोरच लागत नाही, आणि लोक म्हणतात ऑपरेशन फसलं. म्हणून आधी युरोफ्लो करून धार मोजून घ्या, लघवी झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघा, शंका असली तर डॉक्टर मूत्राशयाचा दाब मोजायची तपासणी सांगतील, कटकटीची आहे पण करा. किडनीवर सूज, मूत्राशयात खडे किंवा लघवी वरचेवर तुंबायली असं काही निघालं तर वाफ-बिफ सोडून द्या, डॉक्टर म्हणतात ते ऑपरेशन लांबवू नका.

आणि रात्रीचं उठणं सगळं प्रोस्टेटमुळंच असतं असं नाही हो. मला डॉक्टरांनी तीन दिवस वही लिहायला लावली, किती वाजता, किती एमएल, काय प्यालो, मापाचं भांडं घेऊन. मी म्हणलं आयुष्यभर वेबिल लिहिलं, आता हे पण. पण त्यात निघालं की रात्री नऊचा चहा आणि जेवणानंतरचा तांब्याभर पाणी ह्यांचाच निम्मा हिशोब होता. वडिलांचं रात्रीचं लघवीचं प्रमाणच जास्त असेल, शुगर वाढलेली असेल, तर कुठलीही मशीन लावा, उठणं चालूच राहील.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायची रक्ताची तपासणी, केलं असेलच. त्यांच्या गोळ्यांत फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड आहे का बघा, कारण ती सहा महिने घेतली की पीएसए निम्म्यावर येतं, म्हणजे रिपोर्टात 3 दिसलं तरी खरं 6 धरायचं. हे वाफेच्या आधी मुद्दाम विचारा, कारण टीयूआरपीत, होलेपमध्ये काढलेला तुकडा कॅन्सरसाठी तपासायला जातो, वाफेत तपासायला काही हातात येतच नाही.

पैशाचं म्हणाल तर वाफेची पिचकारी एकदाच वापरायची असते, त्याचेच पैसे जास्त लागतात, आणि सगळीकडं होत नाही. टीयूआरपी बहुतेक प्रत्येक युरोलॉजिस्टच्या हातातलं काम आहे. फुले योजनेत तुमच्या वडिलांचं कोणतं बसतं ते योजनेतल्या दवाखान्यात जो आरोग्यमित्र बसलेला असतो त्यालाच विचारा, एजंटाला नको.

राहिली एक गोष्ट, जी पोरं विचारत नाहीत. टीयूआरपी आणि होलेपनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जातं, त्रास काही नाही, पण फरक कळतो. वाफेत आणि क्लिपात हे बरंचसं टळतं. ह्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. साडूच्या वेळी डॉक्टरांनी हाच विषय काढला तर पोरगाच म्हणला, "नाही नाही, बाबांना आता त्याचं काय," साडू खाली मान घालून बसला. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता पहाटेच्या गाडीनं एकटाच परत गेला आणि विचारून आला. मग वाफेचं ठरलं.