झिलई आणि तिच्या चमकदार बहिणी

प्रश्न असा आहे: "झिलई म्हणजे चकाकीच ना? मग 'वरवरची झिलई' म्हणताना नाक का मुरडतात?"

चकाकी डोळ्यांना दिसते, झिलई हातांनी आणावी लागते. हिरा चकाकतो, पाणी चकाकतं, पण त्यांना कोणी झिलई म्हणत नाही. घासून, घोटून किंवा वर काही चढवून आणलेला गुळगुळीत चकचकीतपणा म्हणजे झिलई. लाकडाला झिलई देतात, मातीच्या भांड्यावर ती चढवून भट्टीत भाजतात. क्रियापदंही पाहा: देणे, आणणे, चढवणे, उडणे. झिलई 'उडते', कारण ती मुळात वस्तूची नसते. नाक मुरडण्याचं कारण तेच. 'शब्दांना झिलई आहे, आत काही नाही' हे म्हणता येतं. तिथे 'तेज' घालून बघा, वाक्यच कोसळतं.

शब्द अरबी 'जिला'वरून आला. अर्थ घासून उजळणे. 'जलवा' त्याच कुळातला. जुन्या लिखाणात 'जिल्हई' असंही रूप सापडतं. आपल्या 'जिल्ह्या'शी मात्र नातं नाही. तो अरबीच, पण वेगळ्या मुळाचा.

कल्हईशी गल्लत नेहमीची. कानाला दोन्ही जुळ्या वाटतात, पण कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि तो चमकण्यासाठी नसतो. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून तो आतून लावतात. भांडं उजळतं ते जाता जाता. मुलामा पुन्हा निराळा: हलक्या धातूवर सोन्याचांदीचा पातळ थर. गंमत म्हणजे त्याच्या अरबी मुळाचा अर्थच 'चमकणे' आहे, आणि मराठीत तो फसवेगिरीचा शब्द होऊन बसला. 'उजाळा' या सगळ्यांत प्रामाणिक. होती तीच चमक परत आणायची, म्हणून आठवणींना उजाळा मिळतो, झिलई नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. तकाकी निरोगीपणाची, पानांवर किंवा कातडीवर दिसणारी. लकाकी क्षणाची, डोळ्यांत येते आणि जाते. झळाळीला थोडा थाट लागतो, म्हणून ती सोन्याला शोभते. 'चमक' तर पाठीतही भरते, आणि माणूस दचकला तरी 'चमकला'च म्हणतो. अचानकपणा हा या शब्दाचा जुना गुण असावा असं मला वाटतं.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र 'पाणी'. मोत्याचं पाणी, तलवारीचं पाणी, पाणीदार डोळे. फारसीतल्या 'आब'लाही पाणी आणि तेज असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत आल्यावर त्यातलं पाणी आटलं, तेजाची प्रतिष्ठा झाली, आणि आपण 'आब राखून' वागू लागलो.