साठ मॅचचं विजेतेपद अर्धं कसं?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझा मुलगा लॉस एंजेलिसला असतो आणि आता तिथल्या बेसबॉल टीमचा, डॉजर्सचा पक्का फॅन झालाय. त्याच्या ऑफिसातला सॅन फ्रान्सिस्कोचा मित्र त्याला सारखा ऐकवतो की तुमचं 2020 चं विजेतेपद धरायचंच नाही, 162 च्या जागी 60 मॅच खेळून कोण चॅम्पियन होतं का. सुट्टीत घरी आला तर इथंही तोच विषय. मला बेसबॉलमधलं फार कळत नाही, पण सीझन अर्धा म्हणजे कपही अर्धा, असं असतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही, अजिबात नाही. आणि हे मी डॉजर्सची फॅन म्हणून सांगत नाहीये, माझी कुठलीच टीम नाही. कोविडमुळे 12 मार्च 2020 ला सराव सामने बंद पडले, 26 मार्चचा सीझन लटकला, मग मालक आणि खेळाडूंचं पगारावरून इतकं ताणलं गेलं की जून त्यातच गेला, आणि शेवटी 23 जुलैला सुरुवात झाली ती प्रत्येक टीमच्या 60 मॅच ठरवून. त्या 60 पैकी डॉजर्स 43 जिंकले, तो त्या सीझनमधला सगळ्यात चांगला रेकॉर्ड होता.

पण मुलाला म्हणावं मित्राला पुढचं सांग. त्या वर्षी प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, 10 ऐवजी 16 टीम घेतल्या, म्हणजे पहिल्या नंबरच्या टीमलासुद्धा तीन मॅचची एक जास्तीची सिरीज खेळणं आलं, जी एरवी त्यांना नसतेच, आणि तीन मॅचमध्ये दोन दिवस खराब गेले की गाशा गुंडाळायचा. एरवी अशा टीमला कपसाठी 11 मॅच जिंकाव्या लागायच्या, त्या वर्षी 13 लागल्या. डॉजर्सनी मिलवॉकीला 2-0 आणि सॅन डिएगोला 3-0 हरवलं, मग अटलांटासमोर 1-3 असे मागं पडले आणि तिथून सलग तीन मॅच काढल्या, मग टॅम्पा बेला 4-2. आणि हे सॅन डिएगोपासूनचं सगळं टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या मैदानावर, म्हणजे घरचं ग्राउंड नाही, घरचं पब्लिक नाही. 1988 नंतर पहिल्यांदा कप आला, 32 वर्षांनी. हे अर्धं कसं म्हणायचं?

एक मात्र मान्य करते, बॅटिंग अ‍ॅव्हरेजसारखे वैयक्तिक आकडे मी 162 मॅचच्या आकड्यांशेजारी ठेवणार नाही, कारण दोन महिने तुफान फॉर्म कुणाचाही असू शकतो. पण कपाचं तसं नाही, तो समोर आलेल्या टीमला हरवूनच मिळतो.

प्रश्न: आपली आयपीएल त्याच वर्षी दुबई-अबुधाबी-शारजात बबलमध्ये सुरळीत पार पडली. मग एवढ्या पैसेवाल्या अमेरिकन बेसबॉल लीगला ते का जमलं नाही? त्यांच्या टीमच्या टीम पॉझिटिव्ह निघाल्याचं वाचलेलं आठवतं.
– एक क्रिकेटप्रेमी, नाशिक

उत्तर: आकड्यांचाच फरक बघा. आयपीएलला आठ टीम, तीन मैदानं आणि सगळ्या मिळून 60 मॅच. बेसबॉलला 30 टीम आणि एकेका टीमच्या 60, म्हणजे एकूण 898 झाल्या, त्यासुद्धा 66-67 दिवसांत. एवढ्या लोकांना एका जागी कोंडून ठेवायचं तर मैदानंच पुरली नसती, आणि कित्येक खेळाडूंच्या बायका गरोदर, घरी लहान मुलं, त्यांनी एवढे महिने लांब राहायला साफ नकार दिला. म्हणून मग टीम आपापल्या गावात राहिल्या, फक्त प्रवास कमी व्हावा म्हणून आजूबाजूच्या 10-10 टीमचे गट करून आपसात खेळवलं. टोरांटोची तर वेगळीच अडचण, कॅनडा सरकारनं ये-जा करायला परवानगी दिली नाही म्हणून त्यांनी आपल्या 'घरच्या' मॅच न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या छोट्या मैदानावर खेळल्या.

नियमांचं पुस्तक शंभरावर पानांचं होतं. थुंकायचं नाही, टाळ्या द्यायच्या नाहीत, दर एक दिवसाआड लाळेची टेस्ट. यातला एक बारीक नियम मला फार आवडतो. बॉल नीट पकडीत यावा म्हणून बोटाला जीभ लावायची पिचर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या लोकांची सवय असते, ती बंद केली आणि त्याऐवजी पँटच्या मागच्या खिशात ओलं फडकं ठेवायची मुभा दिली. मॅच बघताना नीट लक्ष दिलंत तर तो हात मधूनच मागं जाऊन फडक्याला लागून येताना दिसायचा. आपल्याकडं क्रिकेटमध्येही त्याच उन्हाळ्यात बॉलला लाळ लावणं बंद झालं होतं, पण असं फडकं काही कुणी दिलं नाही.

तरी व्हायचं ते झालंच. पहिल्याच आठवड्यात मायामीची टीम फिलाडेल्फियात होती, रविवारी सकाळी काही जण पॉझिटिव्ह आल्याचं कळूनही त्या दिवशी खेळले, आणि बघता बघता 18 खेळाडू पॉझिटिव्ह. त्या दिवशी खेळायला नकोच होतं, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. सेंट लुईसचं तर पंधरा दिवसांहून जास्त बंद पडलं, नंतर शिकागोला जायचं होतं तर एका बसमध्ये बसायला नको म्हणून 41 गाड्या भाड्यानं घेतल्या आणि एकेक जण एकटा गाडी चालवत गेला, साधारण 480 किलोमीटर. मग राहिलेलं भरून काढायला 44 दिवसांत 53 मॅच. म्हणून तर एका दिवशी दोन मॅच असतील तर नऊऐवजी सात इनिंगची सोय केली होती. या दोन्ही टीम शेवटी प्लेऑफला पोचल्या, मायामी तर 2003 नंतर पहिल्यांदा, आणि ते बघून मला खरंच भरून आलं होतं.

प्रश्न: लोक मरत होते तेव्हा खेळायची गरज काय होती? प्रामाणिक उत्तर द्या.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: प्रामाणिकच देते. मला त्या मॅचचा आधार होता, पहाटे उठून बघायचे, घरात सगळे झोपलेले, स्टँडमध्ये पुठ्ठ्याचे प्रेक्षक आणि स्पीकरवर गर्दीचा आवाज, तरी बरं वाटायचं. पण किंमत कोण मोजतंय हे डोळ्यांआड करता येत नाही. धोका पत्करायचा नाही म्हणून वॉशिंग्टनच्या रायन झिमरमननं, घरी आजारी आई आहे म्हणून, वर्षाचं नाव मागं घेतलं, त्यात मला काहीच चूक दिसत नाही. खालच्या लीगमधल्या पोरांना तर निवडच नव्हती, त्यांचा अख्खा सीझन 30 जूनला रद्द झाला, आठवड्याला 400 डॉलर भत्त्यावर दिवस काढायचे.

आणि शेवटची मॅच, 27 ऑक्टोबर. आठव्या इनिंगला डॉजर्सच्या जस्टिन टर्नरला पॉझिटिव्ह रिपोर्ट आला म्हणून बाहेर काढलं, पण जिंकल्यावर तो परत मैदानात आला आणि फोटोला मास्क काढून बसला, शेजारी कोच डेव्ह रॉबर्ट्स, जे कॅन्सरमधून उठलेले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो चुकवणं किती कठीण असेल हे समजतं मला, पण पटलं नाही ते नाहीच पटलं.

बोस्टनच्या एदुआर्दो रॉड्रिगेझचं सांगते. वय 27, आदल्या वर्षी 19 मॅच जिंकून देणारा पिचर. जुलैत कोविड झाला, त्यातून हृदयाच्या स्नायूंना सूज आली, डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं, पूर्ण सीझन घरी. 2021 ला परत आला तेव्हा त्याची पहिली मॅच मी मुद्दाम जागून बघितली.