वाचकांचे प्रश्न : घाटावरची होडी समुद्रात नेताना

आम्ही चौघे मित्र. एकोणीस फुटी फायबरची शिडाची होडी आहे, मागे पाच हॉर्सपॉवरचं इंजिन. धोमच्या पाण्यावर दोन हिवाळे सराव झाला. एप्रिलमध्ये रत्नागिरीहून मालवणला जाऊन पाच दिवसांत परत यायचं आहे. जमेल? (एक वाचक, वाई)

जायला जमेल. यायला नाही. उन्हाळ्यात दुपारचा खारा वारा कोकण किनाऱ्यावर वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर. शिडाची होडी थेट वाऱ्यात घुसत नाही, नागमोडी जाते. अंतर दीडपट होतं आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेलाटेवर आपटते. तेव्हा एकेरीच जा, ट्रेलर रस्त्याने मालवणला मागवा.

टप्पे तीन. रत्नागिरी ते विजयदुर्ग सुमारे 26 सागरी मैल, पुढे देवगड 12, मग मालवण 20. पहिला टप्पाच कस पाहतो. सकाळी सहाला निघा. नऊपर्यंत जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर आठेक मैल होतील. मग वारा पडतो. दोन तास इंजिन चालवलं की आणखी आठ. अकराच्या सुमारास खारा वारा धरतो आणि उरलेले दहा मैल तो दोन-अडीच तासांत काढून देतो. एक-दीडला विजयदुर्गच्या खाडीत नांगर पडायला हवा, कारण तीन-चारला वारा सर्वांत जोरात असतो. उशिरा उठणारा मित्र असेल तर त्याला आदल्या रात्री होडीतच झोपवा.

वारा पाठीमागून असताना मोठं शीड आणि बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) डावीकडे, म्हणजे जमिनीच्या बाजूला असेल. वारा थोडा उत्तरेकडे सरकला किंवा सुकाणू धरणाऱ्याचं लक्ष उडालं, तर बूम एका झटक्यात उजवीकडे येते. वाटेत डोकं असेल तर ते फुटतं. बूमच्या टोकाला दोरी बांधून ती पुढे नाळेजवळ अडकवून ठेवा.

सिंधुदुर्गाभोवती खडक आहेत. मालवणला उजेडातच शिरा, शक्यतो सूर्य पाठीशी असताना, आणि आधी तिथल्या मच्छिमारांकडून वाट विचारून घ्या. मे महिन्याच्या मध्यानंतर नैर्ऋत्येकडची उसळ वाढते, त्याआधी होडी ट्रेलरवर हवी.

भरतीची वेळ पंचांगावरून काढता येते असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, सांगली)

खरं. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन : पूर्ण भरती पहाटे तीनच्या आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. हा आडाखा मुंबईच्या पाण्याला बसतो. रत्नागिरी-मालवणला भरती थोडी आधी येते. शेवटचा शब्द छापील भरती-कोष्टकाचा.

पण वेळ कळून उपयोग काय, ते महत्त्वाचं. कृष्णेचं पाणी एकाच दिशेला जातं, खाडीच्या मुखाशी ते दिवसातून चारदा दिशा बदलतं. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून खारा वारा आला की पूर्णगडसारख्या मुखावर, वाळूच्या दांड्याजवळ, लाटा उभ्या राहून फुटतात. शिरायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराला संपते, म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा नेमकी ओहोटी, तीही उधाणाची. म्हणून सहल चतुर्थी ते अष्टमीच्या दरम्यान आखा : भरती दुपारी तीन ते सहाला, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी, असल्याने ओढही कमी. सुट्टी कधी मिळते हे साहेबांपेक्षा चंद्राला आधी विचारावं लागतं.

शीड लहान करताना बांधायच्या भोकांपाशी फाटलं. कापड जुनं नव्हतं. (एक वाचक, मिरज)

दोष क्रमाचा असणार. आधी होडी वाऱ्याकडे वळवा आणि शीड आवळायची दोरी सैल सोडा. शीड इतकं उतरवा की डोलकाठीकडच्या कडेचं वरचं कडं बूमच्या आकड्यात बसेल. मग चढवायची दोरी पुन्हा ताठ करा. त्यानंतर मागच्या कडेची दोरी, तीही भरपूर ताणून. मधली भोकं सर्वांत शेवटी, आणि सैलसर. ती फक्त लोंबणारं कापड गोळा करण्यासाठी असतात. मागची दोरी ढिली राहिली की सगळा ताण या भोकांवर येतो आणि तिथूनच कापड उसवतं. पाण्यावर जागोजाग पांढरे फेस दिसू लागले की लगेच हे करा, मग नको.

आंबा घाट उतरून ट्रेलर थेट पाण्यात घातला. पुढच्या खेपेला बेअरिंग गंजलेलं. (एक वाचक, सांगली)

घाटात चाकाचा हब तापतो. तो गरम असताना खाऱ्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तासभर थांबा, चहा घ्या, हब हाताला गार लागला की मगच उतरवा. परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस बदला.

सामान किती? (एक वाचिका, कऱ्हाड)

पाणी माणशी रोज चार लिटर. चौघांना तीन दिवसांचं 48, हाताशी म्हणून 60. दहा-दहा लिटरचे कॅन घ्या, एक फुटला तरी बाकीचे राहतात. नांगराची दोरी : तीन मीटर खोली, दोन मीटर भरती, एक मीटर होडीची उंची, मिळून सहा, त्याच्या पाचपट, म्हणजे 30 मीटर, शिवाय नांगराजवळ दोन-तीन मीटर साखळी. आखूड दोरी नांगराला वर ओढते आणि तो घसरतो. लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. कृष्णेत पोहणाऱ्यांनाही हेच. तटरक्षक दलाचा क्रमांक 1554 सगळ्यांच्या फोनमध्ये, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. होडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्या. डॉक्टरांना विचारून, कारण तिने झोप येते. भडंग जरूर न्या, पण लहान लहान पुड्यांत. खाऱ्या हवेत मोठी पिशवी अर्ध्या तासात सादळते.