चार रूट कॅनाल की एक? बाबांच्या दाढेबद्दल, आणि नागपुरात भरवशाचा डॉक्टर शोधण्याबद्दल

ताई, आधी सरळ उत्तर: आज पैसे भरू नका. दाढेचं दुखणं आधी शांत करून घ्या, बाकीच्या कामाला दोन-तीन आठवडे लागले तरी काही बिघडत नाही.

तुम्ही लिहिलंय की बदलीमुळे नाशिकहून इकडे आलात आणि मनीषनगरला राहता. बाबा पासष्टीच्या पुढचे, बऱ्याच वर्षांपासून शुगर. उजवीकडची खालची दाढ दुखते म्हणून एका क्लिनिकमध्ये नेलं, तर चार रूट कॅनाल (दाताच्या आतली नस काढून ती जागा भरणं), चार कॅप आणि दोन इम्प्लांट असा कागद हातात आला. वर, आजच बुक केलं तर सूट. दुसऱ्या डॉक्टरांनी एकच रूट कॅनाल आणि सफाई सांगितली. खरं कोण सांगतंय, आणि नवीन शहरात चांगला डॉक्टर ओळखायचा कसा, हा तुमचा प्रश्न.

माझं नंदनवनला औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही. पण काउंटरवर रोज चिठ्ठ्या येतात, त्यामागची माणसं दिसतात, आणि कोण काय लिहून देतं आणि का, याचा अंदाज वर्षानुवर्षांत येतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. डॉक्टरचं नाव, क्लिनिकचा चकचकाट किंवा गुगलवरचे तारे पाहून निवड करू नका. जो डॉक्टर आपल्या निदानाचा पुरावा तुम्हाला दाखवतो आणि 'दुसऱ्याला दाखवून या' म्हटल्यावर ज्याचा चेहरा बदलत नाही, तो धरा.

आता हातातले दोन कागद समोर ठेवा. दातांच्या डॉक्टरांकडे प्रत्येक दाताला दोन आकडी नंबर असतो. पहिला आकडा बाजूचा: वर उजवीकडे 1, वर डावीकडे 2, खाली डावीकडे 3, खाली उजवीकडे 4. दुसरा आकडा समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जायचा. म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ 46, तिच्या मागची 47, अक्कलदाढ 48. बाबांची दुखणारी दाढ बहुतेक यातलीच असेल. तो नंबर दोन्ही कागदांवर असेल, तर एका रूट कॅनालबद्दल दोघांचं एकमत आहे, वादच नाही. प्रश्न उरतो बाकीच्या तीन नंबरांचा. कागदावर नंबरच नसतील, नुसतं 'आरसीटी × 4', म्हणजे चार रूट कॅनाल, एवढंच लिहिलं असेल, तर तो कागद परत घेऊन जा आणि नंबर लिहून मागा. दाताचा नंबर न लिहिता दिलेल्या अंदाजपत्रकाला मी अंदाजपत्रक मानत नाही.

मग प्रत्येक नंबरासाठी एक्स-रे दाखवा म्हणा. बहुतेक ठिकाणी आता आरव्हीजी असतो, छोटा सेन्सर तोंडात धरून काढलेला फोटो लगेच स्क्रीनवर येतो. त्यात दाताचं कवच पांढरं दिसतं, आतली नस काळसर रेघेसारखी आणि कीड काळ्या डागासारखी. डॉक्टरांनी बोट ठेवून सांगावं: कीड इथे आहे, नस इथे आहे, दोन्हींत अंतर एवढं आहे. डाग नसेपर्यंत पोचला असेल किंवा मुळाच्या टोकाशी काळा गोल दिसत असेल, तर रूट कॅनालला कारण आहे. अंतर शिल्लक असेल तर साधं फिलिंग, आपण ज्याला सिमेंट भरणं म्हणतो, तेवढ्यावर भागू शकतं. तो फोटो मोबाईलवर मागून घ्या.

इथे डॉक्टरांची बाजूही सांगतो. दोन प्रामाणिक डॉक्टरांचं मत खरोखर वेगळं पडू शकतं. कीड नसेच्या अगदी जवळ असली की एक म्हणतो भरून पाहू, दुसरा म्हणतो पुन्हा दुखेल, आत्ताच नस काढू. दोघांकडेही कारण असतं. आणि न दुखणारा दात चांगलाच असतो असंही नाही. नस मरून गेली की दुखणं थांबतं, पण मुळाशी पू साठत राहतो, तो एक्स-रेतच दिसतो. म्हणून 'बाबांचे बाकीचे दात दुखत नाहीत, म्हणजे ते डॉक्टर फसवतात' असा निष्कर्ष काढू नका. पुरावा मागा, एवढंच.

दुखण्याची जात बाबांकडून नीट विचारून घ्या, कारण डॉक्टरही तेच विचारणार. थंड पाण्याने सणक येते आणि क्षणात जाते, की कळ रेंगाळते? गरम चहाने वाढते का? रात्री झोपेतून उठवते का? चावताना दुखते का? झटकन येऊन जाणारी सणक असेल तर नस बहुतेक वाचते. रात्री उठवणारी, गरमाने वाढणारी, बराच वेळ ठणकणारी कळ म्हणजे नसेचं काम संपत आलेलं. चांगला डॉक्टर थंड लावून पाहतो, दातावर हलकंच ठोकून पाहतो, शेजारच्या धड दातालाही तसंच करून तुलना करतो. एवढं न करता थेट स्क्रीनवर पॅकेज उघडलं असेल, तर मला ते आवडणार नाही.

इम्प्लांटचं तर मी सध्या नावही काढणार नाही. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, आणि हाडाने तो धरायला काही महिने जातात. शुगर हाताबाहेर असेल तर जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो, तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून मला तुम्हाला विचारायचंय: त्या पहिल्या क्लिनिकमध्ये बाबांचा एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोणी विचारला का? रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल कधी इंजेक्शन घेतलंय का, हे विचारलं का? हाडांच्या काही औषधांनंतर दात काढला तर जबड्याची जखम अडकून बसू शकते, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. यातलं काहीही न विचारता दोन इम्प्लांट लिहिले असतील, तर निर्णय घ्यायला तुम्हाला तेवढं पुरे. उलट दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली सफाई आधी करून घ्या. हिरड्यांचा आजार आणि शुगर एकमेकांना वाढवतात, हिरड्या सुधारल्या की शुगरलाही थोडी मदत होते. सफाईने दात हलतात ही भीती बाबांना असेल तर समजावा: दातांमध्ये साठलेला दगडासारखा थर निघाला की फट दिसते, ती फट त्या थराने आधी झाकलेली असते.

डिग्रीबद्दल. बीडीएस, म्हणजे दातांची मूळ पदवी असलेला डॉक्टर फिलिंग, सफाई, साधं रूट कॅनाल, दात काढणं हे सगळं करतो आणि अनेकजण उत्तम करतात. एमडीएस, म्हणजे पुढची पदवी असेल तर कोणत्या विषयात, ते विचारा. वाकडे दात सरळ करण्याचा एमडीएस आणि रूट कॅनालचा एमडीएस वेगळा. वाकड्या मुळाची दाढ किंवा आधी झालेलं रूट कॅनाल पुन्हा करायचं असेल तर एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनालचा एमडीएस बरा. पुष्कळ क्लिनिकमध्ये असे डॉक्टर ठरलेल्या दिवशी बाहेरून येतात, त्यात गैर काही नाही, पण प्रत्यक्ष काम कोण करणार हे आधी कळायला हवं. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची असते, एमबीबीएस आणि त्यापुढच्यांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेची. नंबर चिठ्ठीवर छापलेला असतो.

खुर्चीत बसल्यावर हत्यारांकडे लक्ष द्या. ती बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजेत. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रात, वाफेच्या दाबाखाली 121 अंशांवर ठेवल्यावर त्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. सहायकाला विचारा, दाखवतात. रूट कॅनाल करताना दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावत असतील तर माझ्या मते तो चांगल्या कामाचा मोठा पुरावा. त्याने लाळ आत जात नाही आणि नस साफ करायची बारीक सुई घशात पडत नाही.

तिसरं मत हवं असेल, आणि तुमच्या बाबतीत ते घ्याच, तर शासकीय दंत महाविद्यालयात जा. मेडिकल चौकात उतरा. इथे 'मेडिकल' म्हटलं की शासकीय वैद्यकीय महाविद्यालय समजायचं, आणि दंत महाविद्यालय त्याच आवारात आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. गर्दी असते, एका विभागातून दुसऱ्या विभागात पाठवतात, शिकणारी मुलं तपासतात आणि मग त्यांचे सर येऊन पाहतात. वेळ जातो. पण तिथे तुम्हाला कॅप विकून कोणाचा फायदा होत नाही, आणि हिरड्यांपासून जबड्यापर्यंत प्रत्येक विषयाचा माणूस एकाच छताखाली असतो. मनीषनगरहून हिंगणा रोडकडे जाणं सोयीचं असेल तर डिगडोहला आणि वानाडोंगरीला खासगी दंत महाविद्यालयं आहेत, तिथेही ओपीडी चालते. उपचार तिथेच करायला हवेत असं नाही. मत घ्या, आणि काम घराजवळच्या डॉक्टरांकडून करून घ्या.

तोवरच्या दुखण्याबद्दल दुकानदार म्हणून कळकळीने सांगतो. 'दाढदुखीची गोळी द्या' म्हणत लोक येतात आणि अँटिबायोटिकचं नाव स्वतःच सांगतात. नस सुजली असेल तर अँटिबायोटिकने ती बरी होत नाही. आणि जोरदार वेदनाशामकं शुगरच्या माणसाच्या किडनीला महागात पडतात. बाबांना लिव्हरचा त्रास नसेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना फोन करून. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू देऊ नका, कातडी भाजते. गालाची किंवा जबड्याखालची सूज वाढत असेल, ताप असेल, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मेडिकलच्या अपघात विभागात न्या. अशा दुखण्यात सकाळची वाट पाहून चालत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, मी विचारतो. बाबा किंवा घरात कोणी खर्रा खातं का? नाशिकहून आलात म्हणून सांगतो, इकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात, आणि कॉलेजच्या पोरांपासून आजोबांपर्यंत तो तोंडात असतो. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, खर्रा मात्र चौकाचौकांत मिळतो. सुपारीने गालाच्या आतलं कातडं कडक होत जातं. आधी तिखट लागतं, जेवताना तोंडाची आग होते, मग तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर रूट कॅनालचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवा. यातून कॅन्सर होतो, आणि लवकर सापडला तर माणूस वाचतो. मानेवाडा रोडवरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयात असे रुग्ण रोज येतात. नागपुरातला जो दातांचा डॉक्टर खर्र्याबद्दल न विचारता तोंड तपासतो, त्याने अर्धवट तपासलं असं मी धरतो.

फॅमिली डॉक्टरबद्दल थोडक्यात. घरापासून जवळ, फोन उचलणारा, एमबीबीएस किंवा एमडी मेडिसिन. त्याची खरी पारख तापाच्या दिवसांत होते. पावसाळा सुरू झाला की दिवाळीपर्यंत इथे डेंग्यू असतो, आणि विदर्भात स्क्रब टायफसही आढळतो. स्क्रब टायफस गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. चावलेल्या जागी, बऱ्याचदा काखेत किंवा जांघेत, सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून रुग्णाला माहीतच नसते. जो डॉक्टर शर्ट काढायला लावून ती शोधतो, त्याला सोडू नका. उलट ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी एका विडाल टेस्टवर टायफॉइड ठरवून सलाईन लावणारा नको. आणि सलाईनचा हट्ट घरच्यांनीही करू नये. पाणी तोंडाने जात असेल तर बहुतेकदा त्याची गरज नसते. डेंग्यूची शंका मिटेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉलच. ताप उतरल्यावर पोटात दुखलं, उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली तर लगेच दाखवायचं, हे जो आपणहून सांगतो तो आपला डॉक्टर.

कधी भरती व्हायची वेळ आली तर धंतोली-रामदासपेठ भागात खासगी हॉस्पिटलं ओळीने आहेत, मिहानला एम्स आहे. नर्सिंग होमच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार राज्यात हॉस्पिटलने दर आणि रुग्णहक्कांची सनद लावायची असते, ती वाचा. उपचारांच्या नोंदींची फाईल मागितल्यावर 72 तासांत द्यावी असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. मागताना लेखी मागा आणि पोच घ्या.

बाबांना नेताना सकाळची वेळ घ्या. नेहमीचा नाश्ता आणि शुगरची गोळी चुकवू नका, नाहीतर खुर्चीतच शुगर उतरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी. चालू औषधांच्या पट्ट्याच पिशवीत घालून घेऊन जा, नावं लिहिण्यात चुका होतात. मेडिकलला जाऊन आलात की त्यांनी सांगितलेले नंबर आणि हातातल्या दोन कागदांवरचे नंबर इथे लिहा. कोणत्या दाताबद्दल काय विचारायचं, ते मी सांगतो.