जपानमध्ये शिकताना फिरायचं की नाही?

प्रश्न: ताई, मी सहा महिन्यांपूर्वी जपानी शिकायला आलो, सैतामात राहतो, सकाळी क्लास आणि संध्याकाळी बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलंय, त्यामुळे फिरायचं मनात आलं तरी अपराधी वाटतं, आणि क्योतोचं शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) भाडं बघितलं की विषयच संपतो. सुट्टी रूमवर मोबाइल बघत जाते. जेआर (जपान रेल्वे) चा पास घेतला तर परवडेल का, की नोकरी लागल्यावरच फिरू?
- एक विद्यार्थी, सैतामा

उत्तर: अरे, नोकरी लागेपर्यंत अजिबात थांबू नकोस. जेआर पास टूरिस्ट म्हणून येणाऱ्यांसाठी असतो, स्टुडंट व्हिसावर तो मिळतच नाही, म्हणजे तो विषय सोडून दे आणि क्योतोही सध्या बाजूला ठेव. आठवड्याला 28 तासांच्या बाइतोच्या पैशात बसेल असं सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं खूप आहे तुझ्या आसपास.

पहिल्यांदा समुद्राकाठच्या कामाकुराला जा. तुमच्या सैतामातल्या ओमिया स्टेशनहून शोनान-शिंजुकु लाइनची थेट गाडी आहे, दीडेक तास लागतो, फक्त पाटीवर झुशी लिहिलंय ना ते बघून चढ कारण ओदावाराची गाडी कामाकुराला जात नाही. मी स्टुडंट असताना एकटीच गेले होते, एनोदेन या तिथल्या लोकल रेल्वेच्या छोट्या गाडीने हासे स्टेशनला उतरले आणि चालत मोठ्या बुद्धापाशी पोचले. साधारण 11 मीटर उंच ब्राँझची मूर्ती, 1252 साली काम सुरू झालं असं सांगतात, आणि कितीतरी शतकं डोक्यावर छप्पर नाही, ऊनपाऊस अंगावर घेत बसलीय. आत पण जाता येतं, नक्की जा. आत अंधुक उजेड असतो आणि भिंतीवर ओतकामाचे सांधे चौकटी-चौकटीसारखे दिसतात, मी त्यावर हात ठेवून किती वेळ उभी होते आणि घर सोडून आल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की आपण या देशात नुसते क्लास आणि काम करायला नाही आलोय. नंतर समुद्रावर जा, पण तिथे उघड्यावर खाताना जपून, घारी मागून झडप घालतात आणि हातातली ओनिगिरी (भाताचा गोळा) घेऊन जातात. तू व्हेज असशील तर उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) घे, तरी पाकिटावर काय काय घातलंय ते वाचच, मासे नसतील वाटतं तिथेही दाशी, म्हणजे बहुतेकदा माशाचा अर्क, असू शकते.

चालायची आवड असेल तर ताकाओ. 599 मीटरचा डोंगर, शिंजुकुहून केइओ लाइनने तासाभरात पायथ्याशी, भाडं पाचशे येनच्या आत. थंडीत स्वच्छ हवेच्या दिवशी सकाळी लवकर गेलास तर वरून फुजी दिसतो. शनिवार-रविवार मात्र टाळ, फार गर्दी.

लांब जायचं असेल तर सुट्ट्यांच्या सीझनमध्ये सेइशुन 18 तिकीट निघतं, वयाची अट नाही, सलग तीन दिवसांचं 10,000 येन आणि पाच दिवसांचं 12,050, जेआरच्या साध्या गाड्यांनी हवं तितकं फिर, शिंकान्सेन चालत नाही. आणि सुइका या रेल्वेच्या प्रीपेड कार्डावर फिरताना एक लक्षात ठेव, तोक्योकडून कार्ड टॅप करून आतामीच्या पुढे शिझुओकाकडे गेलास तर गेट उघडत नाही, तिथे कागदी तिकीटच काढायचं.

रेसिडेन्स कार्ड कायम खिशात असू दे. आणि घरी लपवू नकोस रे, बुद्धासमोरचा फोटो आईला त्याच दिवशी पाठव.