घसाऱ्यावर उतरण्याआधी
पहिल्यांदाच घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगड-मुरुमाच्या उतारावरून, उतरणार म्हणतोयस, तर आधी लासलगावला एखाद्या खळ्यावर कांद्याची ट्रॉली रिकामी होताना बघून ये. चेष्टा नाही. ढीग ठरावीक उतार धरतो; आणखी ओतला तर पसरतो, पण उतार साधारण तोच राहतो. कोरड्या वाळूत हा कोन 30 ते 35 अंशांच्या आसपास असतो. आणि बघ, मोठे कांदे घरंगळून पायथ्याशी जातात, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वरच अडकते.

अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांखालचा घसारा म्हणजे असाच ढीग, फक्त बेसाल्टचा. कायम सांडायच्या बेतात. गोम अशी, की थर सुटायला जेवढा उतार लागतो, त्यापेक्षा थोडा कमी उतार आल्याशिवाय तो थांबत नाही. म्हणून सुरू झालेली घसरण लांबते.

जाड थर असेल तर टाच रोवून उतर, खडे साचून पायरी होते. कातळावर पातळ मुरूम असेल तर मात्र टाच विसर. तिथे खडे छर्ऱ्यांसारखे फिरतात. अख्खा तळवा टेक, पावलं छोटी टाक. मागे रेललास की बसलासच.

एकाच रेषेत एकामागे एक उतरू नका. माझ्या पायाखालून सुटलेला नारळाएवढा दगड मित्राच्या कानाजवळून गेला होता. तो आजही मला पुढे चालू देतो, स्वतः मागे.

किंचित ओल कणांना धरून ठेवते. जुलैच्या धारेत पाणी साचलं की कणांवरचा भार तेच पेलतं, घर्षण घटतं. तेव्हा घसारा नकोच.