सूर्यफुलाची उंची पाहून वाण निवडू नका

भाऊ, पहिल्यांदाच सूर्यफूल करताय, तर उंच झाडाला भुलू नका. उतारा ठरतो तो फुलाचा घेर, त्यातले भरलेले दाणे आणि शंभर दाण्यांचं वजन यांवर. पण यातलं कशाकडे जास्त बघायचं, ते जमिनीवर अवलंबून आहे.

भारी काळ्या रानात ओल टिकते, फूल मोठं होतं. तिथे संकरित वाण ६० बाय ३० सेंटीमीटरवर लावा, म्हणजे दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत ३०. मात्र मोठ्या फुलाचा मध्य बरेचदा पोचट राहतो, म्हणून नुसता घेर मोजून खूश होऊ नका. फूल मोडून आतले दाणे दाबून बघा. दाणे भरायला मधमाश्या हव्यातच, त्यामुळे फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. पिवळ्या पाकळ्या उमलताना लिटरभर पाण्याला २ ग्रॅम बोरॅक्स (बोरॉन देणारं खत) फवारलं तर दाणे भरायला मदत होते.

हलक्या, मुरमाड रानात गणित वेगळं. पाणी लवकर तुटतं, दाणा बारीक राहतो. तिथे लवकर येणारा वाण घ्या, ४५ बाय ३० वर पेरा, आणि कळी, फुलोरा, दाणे भरणं या तीन वेळांना पाणी चुकवू नका.

पाणी साचणारं रान असेल तर आधी चर काढा.